चकाकीच्या खालचं पोलाद

'६० एचआरसीला हार्डन केलेला शाफ्ट सीबीएन इन्सर्टने टर्न करतो. फिनिश सुधारावी म्हणून फीड ०.०२ वर उतरवला, तर जॉब उलट मळकट दिसू लागला. असं का?' भोसरीच्या एका वाचकाचा हा प्रश्न आहे.

कागदावरचा हिशोब वाचकाच्याच बाजूने आहे. टूलचं टोक गोल असतं. जॉबच्या एका फेऱ्यात ते पुढे सरकतं आणि नांगराच्या दोन तासांमध्ये वरंबा राहावा तशी बारीक कड मागे उरते. तिची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले टोकाच्या त्रिज्येची आठपट. त्रिज्या ०.८ मिमी आणि फीड ०.१ मिमी असेल, तर सुमारे दीड मायक्रॉन. फीड निम्मा केला की ०.४, म्हणजे एकदम चौथाई!

मग ०.०२ वर बिनसतं कुठे? सूत्राने धार अणकुचीदार धरलेली असते. सीबीएनची (क्यूबिक बोरॉन नायट्राइडची) धार मात्र मुद्दाम बोथट केलेली असते, चॅम्फर देऊन आणि जराशी गोल करून. नाहीतर इतक्या कडक पोलादापुढे तिचा टवका उडायला वेळ लागत नाही. या गोलाईच्या मानाने चिप फारच पातळ मागितली, की धार कापायचं सोडून रेटते, घासते. तेव्हा फीड थोडा वाढवा. टोकामागे सपाट पट्टी असलेला वायपर इन्सर्ट तर दुप्पट फीडलाही जवळपास तीच फिनिश देतो. त्याआधी टूलचा ओव्हरहँग कमी करा, लांब जॉबला टेलस्टॉक लावा. चॅटर असेल तर महागातला महाग इन्सर्टही काही करू शकत नाही.

सीबीएनचं नाव निघालंच आहे, तर रॉबर्ट वेंटॉर्फ यांना टाळून पुढे जाववत नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये ट्रेसी हॉल यांनी कृत्रिम हिरा घडवला, ती कहाणी बरेच जण सांगतात. वेंटॉर्फ त्याच चमूतले. (गडी इतका मिश्कील, की त्याने पीनट बटरचाही हिरा करून दाखवला!) पण पोलाद कापायला हिरा कुचकामी, तापला की त्याचा कार्बन लोखंडात विरघळतो. वेंटॉर्फ यांनी आवर्तसारणीतले कार्बनचे दोन शेजारी, बोरॉन आणि नायट्रोजन, हाताशी धरले. हिऱ्यासाठी वापरलेले उत्प्रेरक इथे कामाला येईनात, म्हणून वेगळे धातू शोधले आणि १९५७ मध्ये बोरॉन नायट्राइड प्रचंड दाबाखाली हिऱ्याच्या घडणीत बसवलं. कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, आणि तापलेल्या लोखंडात सहजी न विरघळणारं! 'बोरॅझॉन' या नावाने ते १९६९ मध्ये बाजारात आलं. आज हार्ड टर्निंग करणाऱ्या प्रत्येक शॉपवर या माणसाचं ऋण आहे, आणि नाव फार थोड्यांना ठाऊक.

'आता ग्राइंडिंगची गरजच नाही' या हार्ड टर्निंगच्या जाहिरातींवर मात्र माझा विश्वास नाही. हार्ड टर्निंगमध्ये चिप लालभडक निघते. बरीचशी उष्णता ती घेऊन जाते, पण सगळी नाही. पृष्ठभाग क्षणभर भयंकर तापतो आणि खालचं थंड पोलाद त्याला तितक्याच झटक्यात विझवतं. असा काही मायक्रॉनचा कडक, ठिसूळ थर तयार होऊ शकतो. नमुना कापून, पॉलिश करून नायटलने एच केला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तेवढीच पट्टी पांढरी दिसते. म्हणून तो 'व्हाइट लेयर'. त्याच्या खाली बहुधा नरम पडलेला पट्टा. बेअरिंगच्या रेसवर भार फिरत राहिला, की भेगा इथून सुरू होण्याची भीती. ग्राइंडिंगही सोवळं नाही, तिथेही जॉब जळतो. पण रफनेस टेस्टरची सुई फक्त चढउतार मोजते. खाली काय शिजलंय ते तिला कळत नाही.

इन्सर्टची फ्लँक झिजली की घर्षण वाढतं आणि हा थर जाड होतो. गंमत म्हणजे, तेव्हाही फिनिश बऱ्याचदा झकास असते. तेव्हा केवळ रफनेसचा आकडा (आरए) मापात आहे म्हणून झिजलेला इन्सर्ट आणखी चार जॉब ओढू नका.