तेर : एका दृष्टिक्षेपात

ठिकाण : धाराशिव शहराच्या ईशान्येला साधारण २० कि.मी. तेरणेच्या काठी. तेरणा पुढे मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते.

शेती : काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस. खरिपात सोयाबीन, तूर. रब्बीत ज्वारी, हरभरा. पाणी असेल तिथे ऊस.

जुने नाव : तगर. इ.स.च्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णन ‘पेरिप्लस’मध्ये उल्लेख : पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई.

तरंगणारी वीट : मातीत तूस मळून भाजलेली. तूस जळून जातो, जागोजाग छिद्रे राहतात; वीट पाण्यावर तरंगते. त्रिविक्रम मंदिराचा जुना भागही विटांचाच. मागची बाजू गजपृष्ठाकार, म्हणून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

हस्तिदंती मूर्ती : इटलीतील पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या स्त्रीमूर्तीशी साम्य. गावातील लामतुरे संग्रहालयामुळे तेरच्या वस्तू तेरमध्येच पाहता येतात. हे भाग्य थोड्याच गावांचे.

संत गोरा कुंभार : ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. समाधी इथेच.

गल्लत नको : जिल्ह्याचे ‘उस्मानाबाद’ हे नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून. निजामी राजवट संपली १७ सप्टेंबर १९४८ला. ‘धाराशिव’ अधिकृत झाले २०२३मध्ये.