जुन्या घराची निगा : माळ्यावर रांगत

जोते आणि घुशी पुढच्या रविवारी. आजचे कबूल केले होते हे खरे, पण गोव्यातल्या आमोण्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे आणि त्यांची घाई खरी आहे. घर आजोबांच्या वेळचे, चिऱ्याचे. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या म्हणून १९८२ च्या पर्यटक व्यवसाय नोंदणी कायद्याखाली अर्ज केलाय, आता पाहणी व्हायची आहे. प्रश्न माळ्याचा. तक्तपोशीच्या वर नि कौलांच्या खाली जी जागा उरते, जिथे आढ्याखाली जेमतेम बसता येते आणि वळचणीकडे पोटावर सरकावे लागते, ती नुसती झाडावी की बंदच करून टाकावी? भाचा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात असतो. त्याचा सल्ला असा की सगळ्या फटी बुजवा आणि प्लास्टिक लावा.

भाच्याचे त्याच्या जागी बरोबर आहे. तिकडे पुष्कळ घरे जमिनीपासून हात-दोन हात उचललेली असतात आणि फळ्यांच्या जमिनीखाली रांगण्यापुरती पोकळी असते. घर विकायला काढले की तपासनीस विजेरी घेऊन तिच्यात शिरतो. उन्हाळ्यातली दमट हवा झरोक्यांतून आत येते आणि तिथल्या गार लाकडावर तिचे पाणी होते. त्याच राज्यातल्या प्रिन्सव्हिल गावी ‘ॲडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेने १२ घरांवर प्रयोग केला. झरोके बंद करून मातीवर प्लास्टिक अंथरलेल्या पोकळ्याच अधिक कोरड्या राहिल्या.

आपला माळा उलट्या स्वभावाचा. तो वर, उन्हात. तापलेली हवा कौलांच्या सांध्यांतून आपसूक निघून जाते आणि वळचणीखालून दुसरी आत येते. बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि नळ्यांच्या जागी ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौले आली. पण मूळ तत्त्व बदलले नाही. छपराने पाणी अडवावे, वारा अडवू नये. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मातीचे कौल त्यातले थोडे पिते. उघडीप मिळाली की त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून सुकायचे असते. खालून प्लास्टिक ताणलेत की एक बाजू गेली, आणि कौलाआधी रीप कुजते.

याहून वाईट म्हणजे वळचणीतली फट सिमेंटने लिंपणे. उंदीर येतात म्हणून हल्ली सर्रास लिंपतात. चिरा सच्छिद्र, ओल ओढून घेणारा. त्याच्यावर टेकलेले वाशाचे टोक तिन्ही बाजूंनी सिमेंटात कोंडले की ते सुकणार कधी? उंदरांसाठी बारीक, न गंजणारी जाळी लावा. वाशाचे टोक मोकळे राहू द्या. जुने सुतार तिथे काजूच्या टरफलांचे काळे तेल लावत, तेही चांगले; मात्र हातमोजे घाला, कातडी भाजते.

आता आमोण्याची खास गोष्ट. खनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षे धावले, त्या बाजूच्या घरांच्या वाशांवर तांबडी धूळ बसलेली असते. वाळवीच्या नळ्याही तांबड्याच, इथल्याच मातीच्या. धुळीत त्या दिसतच नाहीत. म्हणून आधी झाडणे, तेही आढ्याकडून वळचणीकडे, तोंडाला फडके बांधून. झाडून झाले की भिंतीच्या माथ्यापासून वर चढणाऱ्या नळ्या शोधा. सापडली की वीतभर मोडा आणि तशीच सोडा. काही दिवसांनी ती पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी नांदती आहे. नाही बांधली तर जुनी असेल किंवा तिने दुसरी वाट धरली असेल, म्हणून शेजारचा वासाही पाहा. पेचकस टोचून पाहा: पक्क्या लाकडात टोक शिरत नाही, पोखरलेल्यात भसकन जाते. औषधाचा फवारा नळीवर मारून काम भागत नाही, कारण वाळवीची वसाहत बहुधा खाली मातीत असते. तो जोत्याचा विषय, पुढच्या रविवारचा.

गळतीचा डाग तक्तपोशीवर जिथे दिसतो तिथे वर भोक असेलच असे नाही. पाणी वाशावरून ओघळत जाते आणि गाठ किंवा खिळा आडवा आला की तिथे टपकते. भर पावसात माळ्यावर चढा, ओला ओघळ वरच्या अंगाला शोधत जा आणि कौलावर खडूची खूण करा.

काटांदर, म्हणजे उदमांजर, हे या पत्रातले मला सर्वांत आवडलेले पात्र. रात्री माळ्यावर धावते आणि एकाच कोपऱ्यात बियांनी भरलेली विष्ठा टाकते. त्याला मारू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे, शिवाय ते उंदीर खाते. वाट बंद करायची तर आधी आत पिल्ले नाहीत ना ते बघा आणि ते रात्री बाहेर पडल्यावरच जाळी ठोका.

विजेच्या तारा मी घाईत उरकतो, कारण हे काम वायरमनचे. मेन स्विच बंद केल्याशिवाय माळ्यावर हात घालू नका. उंदराने कुरतडलेली तार पट्टी गुंडाळून चालवू नका, बदलून घ्या.

आणि रंगारी सगळ्यात शेवटी. डागावर डिस्टेंपर मारला की पाहणीचा दिवस निभावतो, पण पुढच्या जूनमध्ये पाहुण्याच्या अंथरुणावर पाणी पडते. पाहणीला येणाऱ्याला माळ्याचे झाकण स्वतःच उघडून दाखवा, बदललेले वासे दाखवा. चढताना पाय तुळईवर, फळीवर नाही. आणि एकट्याने चढू नका, खाली शिडी धरायला कोणीतरी हवेच.