धुरळा उठला की कानही फसतो

पेण-रोह्याकडे भातकापणीनंतर खाचरं उघडी पडतात आणि एप्रिल-मेपर्यंत वरच्या मातीचा पार भुगा होतो. त्यातच निवडणूक आली, की एखाद्या मैदानात चुन्याने वर्तुळ आखायचं, मध्ये ‘एच’ काढायचा, झालं हेलिपॅड!

याच रायगड जिल्ह्यात, महाडला, ३ मे २०२४ रोजी सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं. त्या अजून आत बसलेल्या नव्हत्या; जीवितहानी टळली. चित्रफितीत धुरळ्याचा लोट उठतो आणि यंत्र कलंडताना दिसतं. तेवढ्यावरून अपघाताचं कारण ठरत नाही, पण धुरळा वैमानिकाच्या शरीराशी काय खेळ करतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

दोन टनांचं हेलिकॉप्टर हवेत तोलून धरायला पंख्याला तेवढ्याच जोराने हवा खाली ढकलावी लागते. दहा-अकरा मीटर व्यासाच्या पंख्याखाली हा झोत हिशेबाने ताशी साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत जातो. माती उडते आणि जमीन दिसेनाशी होते. आपला तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानातल्या नळ्यांना वळणं कळतं, वेग बदलला तर तेही कानाला कळतं; संथ, एकसारखं सरकणं मात्र कळत नाही. एरवी ती उणीव डोळे भरून काढतात. डोळ्यांपुढे धूळ आली, की ‘आपण स्थिर आहोत’ असं वाटत असतानाच हेलिकॉप्टर बाजूला घसरत असतं. एका बाजूचा पाय ढेकळात अडकला, तर त्याभोवती ते क्षणात उलटतं.

यावरचा उपाय अगदी साधा आहे: टँकरने मैदान आधी भिजवायचं. मे महिन्यात, गावात प्यायला पाणी नसताना, ते किती जणांना पटेल हा प्रश्नच.

दुसरा धोका बघ्यांना. फिरतं पातं डोळ्याला नीट दिसत नाही आणि वेग उतरू लागला, की ते खाली झुकतं. रोह्याशेजारच्या मुरूड तालुक्यात, नांदगावजवळ, मार्च २०१८ मध्ये तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरला तातडीने उतरावं लागलं. त्यातली सहवैमानिक उतरताना वाचली होती. बाहेर पडल्यावर तिच्या डोक्याला फिरत्या पात्याचा फटका बसला आणि पुढे उपचार सुरू असताना तिचा मृत्यू झाला. ती प्रशिक्षित होती. मैदानाच्या कडेला मोबाइल घेऊन उभी असलेली पोरं पंखा थांबायच्या आतच आत धावतात.