उत्तर एक, वाटा तीन : मोफत साधनांनी प्रोग्रामिंग शिकताना

मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या आपल्या पट्ट्यात आज बहुतेक प्रत्येक मोहल्ल्यात कोणाचा ना कोणाचा मुलगा किंवा मुलगी बीएस्सी आयटी, बीसीए किंवा कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करत असते. पुष्कळ घरांत लॅपटॉप एकच, तोही भावंडांत वाटून घेतलेला. नोकरीच्या मुलाखतीत ‘कोडिंग चॅलेंज’, म्हणजे प्रोग्राम लिहून सोडवायची कोडी, विचारली जातात; म्हणून कॉलेजच्या फीवर आणखी क्लासची फी. अब्बा-अम्मींना प्रश्न पडतो : मूल खरोखर शिकत आहे, की कुठून तरी तयार उत्तरे उतरवत आहे? आमचे म्हणणे असे की हे ओळखता येते आणि शिकायची चांगली साधनेही मोफत मिळतात. त्यासाठी एक सोपे कोडे घेऊ.

‘प्रोजेक्ट ऑयलर’ हा गणिती कोड्यांचा संग्रह २००१ पासून सर्वांना खुला आहे. त्यातले पहिलेच कोडे असे : १००० पेक्षा लहान ज्या संख्यांना ३ ने किंवा ५ ने पूर्ण भाग जातो, त्या सर्वांची बेरीज किती? उत्तर २,३३,१६८. या उत्तरापर्यंत तीन वाटा जातात.

पहिली वाट कॉलेजात शिकवतात ती. ‘बेरीज’ नावाचा एक डबा घ्यायचा, त्यात शून्य ठेवायचे. १ पासून ९९९ पर्यंत एकेक संख्या तपासायची. भाग गेला की ती डब्यात टाकायची. डब्यातला आकडा सतत बदलत राहतो. प्रोग्राम मोठा झाला, असे पन्नास डबे झाले, की कोणता डबा कोणी केव्हा बदलला हे शोधण्यात दिवस जातो.

दुसरी वाट ‘फंक्शनल’ प्रोग्रामिंगची. १ ते ९९९ ही यादी घ्या, भाग जाणाऱ्या संख्या गाळून घ्या, गाळलेल्यांची बेरीज करा. भिवंडीच्या वाचकांना हे लगेच उमजेल. सूत वारपिंगला जाते, तिथून सायझिंगला, मग मागावर, आणि शेवटी कापड उतरते. प्रत्येक खाते मागच्याकडून माल घेते आणि आपले काम करून पुढे देते. फरक एवढाच की इथे मूळ सूत संपत नाही. मूळ यादी जशीच्या तशी राहते आणि प्रत्येक टप्प्यावर नवीन यादी तयार होते. त्यामुळे चूक कोणत्या खात्यात झाली ते पटकन सापडते.

तिसरी वाट गणिताची. ३ च्या पटींची बेरीज १,६६,८३३ आणि ५ च्या पटींची ९९,५००. दोन्ही मिळवल्या की २,६६,३३३ येतात. पण १५, ३०, ४५ अशा संख्या दोनदा मोजल्या गेल्या. म्हणून १५ च्या पटींची बेरीज, ३३,१६५, वजा करायची. मुलाचे उत्तर २,६६,३३३ आले असेल तर त्याची चूक नेमकी इथे आहे.

आता १००० च्या जागी १०० कोटी घ्या. पहिल्या वाटेने संगणकाला १०० कोटी फेऱ्या माराव्या लागतात. दुसऱ्या वाटेने गाळलेली यादी खरोखर साठवली, तर तिच्यात सुमारे ४७ कोटी संख्या येतील आणि साध्या लॅपटॉपचा जीव जाईल. तिसरी वाट क्षणात उत्तर देते. तिन्ही उत्तरे बरोबर, पण किंमत निराळी. मुलाखतीत पारखतात ती हीच समज.

दुसरी वाट शिकायला साधने अनेक आहेत. ती सारी ‘ओपन सोर्स’ आहेत, म्हणजे त्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. त्यांतली चार आम्ही शेजारी ठेवून पाहतो.

‘रॅकेट’ मुळात विद्यार्थ्यांसाठी वाढवलेली. तिच्यात नवशिक्यांसाठी छोट्या, सोप्या भाषा वेगळ्या ठेवल्या आहेत आणि चुकीचा संदेशही त्यांना समजेल असा येतो. अकरावी-बारावीच्या मुलांनी इथून सुरुवात करावी.

‘हॅस्केल’ची पहिली आवृत्ती १९९० ची. वरचे कोडे तिच्यात लिहिले की शाळेतल्या संचाच्या मांडणीसारखे दिसते. ती आळशी आहे, पण कामाची आळशी : लागेल तेव्हाच पुढची संख्या काढते, त्यामुळे ती ४७ कोटींची यादी सगळी एकदम साठवावी लागत नाही. शिकायला मात्र चौघींत सर्वांत कठीण, आणि लॅपटॉपमध्ये जागाही बरीच लागते.

‘एलिक्सिर’मध्ये खाती कामाच्या क्रमानेच एकाखाली एक लिहिता येतात, म्हणून वाचायला सोपी. ती ‘अर्लांग’च्या पायावर उभी आहे. अर्लांग एरिक्सन कंपनीत टेलिफोन यंत्रणेसाठी तयार झाली आणि आपले व्हॉट्सॲपही तिच्यावरच उभे राहिले.

‘क्लोजर’ २००७ ची. जावा ज्या यंत्रणेवर चालते त्याच यंत्रणेवर ती चालते. कंसांची गर्दी सुरुवातीला डोळ्यांना खुपते. पुण्याच्या ‘हेल्पशिफ्ट’ने ती कामात आणली आहे. तिकडे बेंगळुरूमध्ये रिक्षाचालकांसाठीचे ‘नम्मा यात्री’ हे ॲप हॅस्केलवर चालते, आणि तेही ओपन सोर्स आहे.

या भाषांत थेट नोकऱ्या कमी आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट सोडून चालणार नाही. पण २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत हीच गाळण्याची, जोडण्याची रीत आली. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्येही ती आहे. इथे शिकलेले तिथे उपयोगी पडते.

सरावासाठी ‘एक्झरसिझम’ घ्यावे. ते २०१३ पासून आहे, मोफत आहे, आणि वरच्या चारही भाषांचे धडे तिथे आहेत. काही न बसवता ब्राउझरमध्येच लिहिता येते, म्हणून जुन्या लॅपटॉपलाही चालते. शिवाय आपण सोडवलेल्या कोड्याची इतरांनी लिहिलेली उत्तरे तिथे पाहता येतात. हॅस्केलसाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा पूर्ण अभ्यासक्रम ‘एनपीटेल’वर मोफत पाहता येतो. इंग्रजीची भीती असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात ओपन सोर्स साधनांचे छोटे छोटे पाठ आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीतही आहेत.

क्रम मात्र पाळावा. आधी स्वतः सोडवायचे, मग दुसऱ्यांची दोन उत्तरे घेऊन आपल्या उत्तराशेजारी ठेवायची : कुठे ओळी कमी, कुठे वेग जास्त, कुठे वाचायला सोपे, आणि का. महिन्यात शंभर उत्तरे उतरवण्यापेक्षा अशी दहा कोडी बरी. प्रोजेक्ट ऑयलरही पहिली शंभर कोडी सोडली तर पुढची उत्तरे जाहीर करू नका, असे सांगते, कारण तयार उत्तर मिळाले की विचार थांबतो.

आई-वडिलांना प्रोग्रामिंग येत नसले तरी या कामात त्यांचा वाटा आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. ‘अल्जेब्रा’ हा शब्द त्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून आला आणि ‘अल्गोरिदम’ हा लेखकाच्याच नावावरून. त्यात आजच्यासारखी चिन्हे नाहीत. वारसाहक्काच्या वाटणीच्या हिशेबांसह सारी रीत साध्या शब्दांत, पायरीपायरीने सांगितली आहे. तीच कसोटी घरी लावावी. रात्री जेवण झाल्यावर मुलीला म्हणावे, “बेटा, आज काय सोडवलेस ते मला मराठीत किंवा उर्दूत सांग.” तिने खात्याखात्याने सांगितले आणि अम्मीला समजले, तर ती शिकली आहे. अडखळली तर रागावू नये. उद्या तेच कोडे पुन्हा करू द्यावे, आणि त्या तासाभरासाठी लॅपटॉप तिच्याकडे राहील एवढे पाहावे.