दोन पेडांची उकल



तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महालातील मोडी कागदपत्रे आठवतात. आज मात्र मी आपल्याला राजवाड्याबाहेर, कावेरीच्या फाट्यांमधील भातखाचरांत नेणार आहे. येथे सांबा हंगामाची लावणी उरकते न उरकते तोच आश्विन-कार्तिकात ईशान्य मोसमी पाऊस कोसळू लागतो. जमिनीला उतार नाही म्हटले तरी चालेल. पाणी निचरत नाही आणि कोवळे रोप दिवसचे दिवस बुडून राहते.

बुडालेले रोप केवळ हवेवाचून मरते असे नाही. पाण्याखाली त्याच्या अंगात एथिलीन वायू कोंडतो. त्या इशाऱ्यासरशी ते हवेच्या शोधात भराभर उंच होऊ लागते, साठवलेले पिष्ट त्या धडपडीत संपवते आणि पाणी ओसरताच आडवे होते. ओडिशातील एफआर १३ए हा भाताचा वाण मात्र ही धडपड करीत नाही. त्याच्यातील सब-१ए हे जनुक वाढ रोखून धरते. रोप सुमारे पंधरवडाभर निपचित राहते आणि मग पुन्हा फुटते. हे जनुक २००६ साली ओळखले गेले. पुढे फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेत ते सीआर १००९ या वाणात संकराने उतरविण्यात आले. कावेरीकाठचे शेतकरी या वाणाला पोन्मणि म्हणून ओळखतात.

संकर म्हणजे सोडतच. शेकडो रोपांपैकी हवे ते जनुक कोणाला मिळाले, हे डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक पिढी हौदात बुडवून पाहावी, तर वर्षे निघून जातील. म्हणून पानाचा तुकडा घेऊन त्यातील डीएनए तपासतात. आणि या तपासणीची पहिली पायरी म्हणजे डीएनएचे दोन पेड वेगळे करणे.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दाखविल्याप्रमाणे डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पीळ घातलेले दोन पेड. प्रत्येक पेड आपल्या लांबीत भक्कम रासायनिक बंधांनी जोडलेला असतो. दोन पेडांना एकत्र धरणारे हायड्रोजनबंध मात्र नाजूक. द्रावण ९५ अंशांपर्यंत तापविले की नाजूक बंध सुटतात आणि भक्कम बंध टिकतात. मग निवविल्यावर प्रत्येक पेडावर नवा जोडीदार रचता येतो. हे काम करणारे विकर यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतील जीवाणूपासून मिळाले, म्हणूनच ते या उकळीतही शाबूत राहते! एका फेरीत दुप्पट, या हिशेबाने तीस फेऱ्यांत एका रेणूच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात.

मग उष्णताच का? ध्वनीने किंवा किरणांनी हे पेड सुटणार नाहीत काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो प्रयोगशाळेत विचारलाही गेला. सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने करणारा धातूचा दांडा द्रावणात बुडविला, तर आपल्याला ऐकू न येणाऱ्या त्या ध्वनीने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि फुटतात. त्यांच्या आसपासच्या प्रवाहांत लांबलचक रेणू ताणला जाऊन तुटतो. १९५८ साली पॉल डॉटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे तुकडे तपासले, तेव्हा ते आखूड झाले होते, पण दुपेडीच होते. वेणी सुटली नव्हती, कात्रीने कापली गेली होती. ही कात्रीही उपयोगी आहे. डीएनएची अक्षरे वाचण्यापूर्वी लांब रेणूचे लहान तुकडे करावे लागतात, आणि ते आजही ध्वनीने करता येतात.

किरणांची गोष्ट याहून मौजेची. सूक्ष्मतरंग द्रावण तापवितात. पेड सुटतात ते त्या उष्णतेनेच. गॅमा किरण याच्या उलट. त्यांचा आघात इतका जबर की नाजूक आणि भक्कम यांचा भेदच उरत नाही. पेड कोठेही तुटतात. पेशी ते सांधताना चुकते आणि जनुकात बदल घडतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशाच बदलांतून भुईमुगाचे व कडधान्यांचे नवे वाण काढले. अतिनील किरण तर एकाच पेडावरील शेजारच्या अक्षरांना परस्परांत जखडून टाकतात. तरीही मंद अतिनील प्रकाश एक काम चोख बजावतो. दोन पेड सुटले की द्रावण तो प्रकाश पूर्वीपेक्षा एक-तृतीयांशाहून अधिक शोषते. म्हणजे सोडविणारी उष्णता, आणि सुटल्याची साक्ष देणारा प्रकाश.

या परीक्षेत निवडलेल्या रोपांची संतती आज कावेरीच्या मुलखात सीआर १००९ सब-१ या नावाने लावली जाते. तिच्या सहनशक्तीला मर्यादा आहे. पाणी पंधरवड्यापलीकडे डोक्यावरून राहिले, तर तीही कुजते. आणि गुडघाभर पाणी महिनोन्महिने तुंबून राहिले, तर तेथे या जनुकाचा उपयोग नाही. त्यासाठी गावोगावचे निचऱ्याचे चरच गाळ काढून मोकळे ठेवावे लागतात, आणि तेही पाऊस सुरू होण्यापूर्वी.