पुंगळीचा गळा, पातेल्याचा काठ

गोळीबाराच्या बातमीत एक ओळ हमखास असते : पोलिसांनी घटनास्थळावरून रिकाम्या पुंगळ्या जप्त केल्या. गोळी कुणी झाडली, कुणाला लागली याची चर्चा महिनोन्‌महिने चालते. पुंगळीचा उल्लेख त्या एका ओळीत आटोपतो. एनसीसीत फायरिंग केलेल्यांची तिच्याशी जरा जवळची ओळख असते. सराव संपला की वाकून पुंगळ्या वेचायच्या, मोजून परत करायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी सगळ्या तुकडीनं पुन्हा गवत धुंडाळायचं. इतक्या काटेकोरपणे मोजली जाणारी ही वस्तू तळाशी बंद, वर उघडी आणि गळ्याशी आवळलेली असते. बनवण्याच्या रीतीनं पाहिलं तर ते एक पितळी भांडंच आहे.

भांड्यांच्या बाबतीत नाशिकला नव्यानं सांगण्याची गरज नाही. गोदाकाठाजवळचा भांडी बाजार आणि जुन्या नाशकातली तांबट लेन ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. त्र्यंबकेश्वर-पंचवटीला आलेल्या भाविकानं जाताना तांब्या, पळी-पंचपात्र, समई घेऊन जायची, ही इथली जुनी रीत. याच नाशिकच्या कुशीत देवळालीचं तोफखाना विद्यालय आहे, आणि मुंबई-भुसावळ लोहमार्गानं पुढे गेलं की भुसावळपलीकडे वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना लागतो. पातेलं घडवणारे आणि काडतूस घडवणारे एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांची विद्या मात्र एकच आहे, आणि तिचा कस लागतो तो एका मापाची पुंगळी दुसऱ्या मापात बदलताना.

पितळच का?

रायफलच्या काडतुसात चार गोष्टी असतात : पुढे गोळी, आत दारू, तळाशी टोपी म्हणजे प्राइमर, आणि या तिघांना धरून ठेवणारी पुंगळी. घोडा दाबल्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात आतला दाब वातावरणाच्या हजारो पट होतो. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसात तो चार हजार पटींच्या आसपास जातो. त्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या मागच्या खोबणीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येऊ देत नाही. दाब उतरताच तिनं किंचित आकसायलाही हवं, नाहीतर ती खोबणीतच अडकून बसेल.

फुगायचं पण फाटायचं नाही, आणि फुगल्यावर थोडं मागे यायचं, हे काम पितळ सर्वांत चांगलं करतं. त्यातही ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त हे प्रमाण. जस्त वाढवत नेलं तर पितळेचं बळ वाढतं आणि ताणलं जाण्याची क्षमताही वाढते. ती क्षमता तिशीच्या आसपास शिखर गाठते. जस्त ३७-३८ टक्क्यांच्या वर गेलं की धातूत वेगळ्या रचनेचे कण तयार होऊ लागतात आणि थंड अवस्थेत ठोकलं तर तो तडकतो. म्हणून जास्त जस्ताची समई ओतीव असते, आणि ठोकून किंवा ओढून करायच्या वस्तूला कमी जस्ताचं पितळ लागतं. धातुशास्त्राच्या पुस्तकांत ७०-३० पितळेचं नावच ‘काडतुसाचं पितळ’ असं पडलं आहे.

ठोका आणि ताव

तांबटाचं काम जवळून पाहावं. पत्र्याची गोल चकती लोखंडी खुंट्यावर धरून तो कडेकडेनं ठोके देत फिरवतो. चकतीचा काठ वर उचलला जातो, हळूहळू खोलगट होतो. सुरुवातीला हातोड्याचा आवाज बसका असतो. काही फेऱ्यांनंतर तो टणटणीत होऊ लागतो. तांबट तिथेच थांबतो. तो टणत्कार म्हणजे धातू कडक झाल्याची खूण. आता आणखी ठोकलं तर काठाला चीर जाणार. मग भांडं ताव द्यायला भट्टीत जातं. अंधाऱ्या कोपऱ्यात भट्टी ठेवण्याचं कारणही व्यावहारिक आहे : तापलेल्या धातूचा मंद लाल रंग भर उजेडात दिसत नाही, आणि रंग हीच त्याची तापमापी. हवा तो रंग आला की भांडं थेट पाण्यात. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. तांबं-पितळ मात्र मऊच राहतं. वरची काळी पुटं आंबट पाण्यानं काढायची आणि पुन्हा ठोकायला बसायचं.

यामागचं कारण शास्त्राला बरंच उशिरा सापडलं. धातूतले अणू थरांनी रचलेले असतात. ठोका बसला की ते थर एकमेकांवरून सरकतात. त्या रचनेतल्या बारीक चुकांच्या रेषा पुढे सरकतात आणि वाढत जाऊन एकमेकींत अडकतात. गुंता वाढला की सरकणं बंद, म्हणजेच धातू कडक. जी. आय. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ साली स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. तापवल्यावर जुने गुंतलेले कण मोडून नवे, ताणमुक्त कण तयार होतात. तांबटाचे हात हे शतकानुशतकं करत होते.

वरणगावसारख्या कारखान्यात हातोड्याच्या जागी प्रेस असतो. आयुध निर्माणी कारखान्यांची २०२१ साली पुनर्रचना झाल्यापासून वरणगाव आणि १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत आले. लहान शस्त्रांच्या पुंगळीची रीत जगभर साधारण सारखीच आहे. पितळी पट्टीतून चकती कापायची, तिची वाटी करायची, ती वाटी साच्यातून दाबून लांब आणि बारीक करत न्यायची. प्रत्येक ओढीनंतर भट्टी, आम्लाची धुलाई, मग पुढची ओढ. तळ दाबून जाड आणि कडक करायचा, टोपीची जागा पाडायची, शेवटी तोंडाकडचा भाग आवळून खांदा आणि गळा तयार करायचा. गळ्याला पुन्हा ताव द्यायचा, तोही फक्त गळ्याला. लष्करी पुंगळीच्या खांद्याजवळ निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो या शेवटच्या तावाचा डाग. तळ कडक आणि गळा मऊ, अशा दोन स्वभावांचं एकच भांडं तयार करणं हे या कारागिरीचं मर्म आहे.

एका मापातून दुसऱ्या मापात

पुंगळीचा गळा आवळता येतो, रुंदावता येतो, खांदा मागे सारता येतो, लांबी कापून कमी करता येते. त्यामुळे एका मापाची पुंगळी दुसऱ्या मापासाठी घडवता येते. ही युक्ती हौशी लोकांच्या आधी सरकारी शस्त्रागारांनीच वापरली. इंग्रजांची .५७७ इंची स्नायडर रायफल १८६६ सालची. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली तेव्हा तिचं काडतूस .५७७ च्याच पुंगळीवर बेतलं. ती लांबवली आणि .४५० च्या गोळीसाठी गळ्याशी आवळली. पण ती पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. १८८५ च्या सुदान मोहिमेत तापलेल्या नळीत ती फाटून अडकू लागली, आणि मग अखंड पितळेतून ओढलेली पुंगळी रूढ झाली. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हाती मुद्दाम एक पिढी जुनी शस्त्रं ठेवली जात. इथला शिपाई स्नायडर वापरत होता तेव्हा गोऱ्या शिपायाकडे मार्टिनी होती.

आपल्या देशाचा खास नमुना म्हणजे .३१५ इंच, अर्थात ८ मिलिमीटरची रायफल. .३०३ हे लष्कराचं माप सामान्य नागरिकाच्या हाती पडू नये, हे ब्रिटिशांचं धोरण. मग शिकारीच्या रायफलींसाठी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मान्लिखर रायफलीचं ८ × ५० (गोळीची जाडी × पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) मापाचं, तळाशी काठ असलेलं काडतूस निवडलं गेलं. ऑस्ट्रिया आणि हंगेरीनं १९३० च्या दशकात ते बाजूला ठेवून ८ × ५६ घेतलं. भारतात ते टिकलं. इशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल आजही परवानाधारकांची ओळखीची. गावठी कट्ट्याच्या बातम्यांत वारंवार .३१५ दिसतं, त्यामागे याच काडतुसाचा नागरी बाजार आहे.

युरोप-अमेरिकेत मान्लिखरच्या जुन्या रायफली जपणाऱ्यांना तिचं काडतूस सहज मिळत नाही. ते रशियाच्या १८९१ सालच्या ७.६२ × ५४ काठाच्या पुंगळीपासून ८ × ५० ची पुंगळी घडवतात. दोन्ही पुंगळ्यांना तळाशी बाहेर आलेला काठ आहे, काठांचा व्यास एकमेकांच्या जवळ आहे, आणि लांबीत रशियन पुंगळी वरचढ आहे. जास्तीची लांबी कापता येते; तयार पुंगळीची कमी लांबी वाढवता येत नाही. निवडीचा पहिला नियम हाच. दुसरा नियम तळाचा : गळा हवा तसा घडतो, पण काठाचा व्यास आणि तळाची जाडी जन्मजात असते. तळाला ताव दिला तर तो मऊ पडेल आणि तोच भाग दाब झेलत असल्यानं फुटेल. म्हणून गळा तापवताना तळ थंड राखण्यावर सगळी काळजी एकवटलेली असते. तिसरा नियम जाडीचा. गळा आवळला की धातू दाटतो, भिंत जाड होते. ती आतून किंवा बाहेरून तासली नाही तर गोळी नळीत जाताना मोकळी सुटत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर चढतो.

हीच तत्त्वं कारखानदारीतही दिसतात. अमेरिकेच्या १९०६ सालच्या .३०-०६ पुंगळीचा गळा आवळून १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर झालं. नाटोच्या ७.६२ × ५१ च्या नागरी भावंडापासून १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर निघालं. माप बदललं, तळ तोच राहिला.

माप बदलण्यातली सर्वांत मोठी जोखीम तळावर कोरलेल्या अक्षरांत आहे. कारखान्याची खूण, साल, माप ही अक्षरं गळा बदलला तरी तशीच राहतात. घडवलेली पुंगळी जुन्याच मापाचं नाव सांगत राहते आणि ती चुकीच्या रायफलीत गेली तर नळी फुटू शकते. म्हणून जबाबदार हौशी लोक अशा पुंगळ्या वेगळ्या डब्यात, वेगळी खूण करून ठेवतात. पोलिसांच्या दृष्टीनंही तळच बोलतो : टोपीवरची पिनेची खोच आणि मागच्या पाटीचे ओरखडे तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पुंगळी कोणत्या शस्त्रातून सुटली ते ठरवलं जातं.

एनसीसीच्या .२२ रायफलीची पुंगळी मात्र या सगळ्यातून बाहेर आहे. तिची स्फोटक पूड काठाच्या पोकळीत असते, पिन तो काठच चेपते. एकदा वापरली की ती पुन्हा उभी राहत नाही.

आपल्याकडे पुंगळी घडवण्याचं काम घरगुती छंद म्हणून करताच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री धरली आहे, आणि निर्मितीला परवाना लागतो. ही तरतूद योग्यच आहे. ज्या वस्तूतली अर्ध्या मिलिमीटरची चूक हात किंवा डोळा घेऊन जाते, ती घराच्या मागच्या खोलीत घडू नये.

पावसाळ्यातल्या चिरा

पितळेच्या विद्येला एक मोठा धडा भारतातल्या पावसाळ्यानं दिला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवली जात. कोरडे दिवस आल्यावर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्यांना, विशेषतः गळ्याशी, चिरा गेलेल्या असत. कुणी वापरलेलं नाही, ठोकलेलं नाही, तरी पितळ फाटलेलं. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे इंग्रजीत या दोषाला ‘हंगामी तडे’ असंच नाव मिळालं.

खरं कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन इंग्रज संशोधकांनी १९२१ मध्ये स्पष्ट केलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो. पण केवळ अमोनियानं पितळ असं फाटत नाही. गळा आवळताना जो ताण धातूत कोंडून राहतो, तो अमोनियाला वाट करून देतो. दोन्ही एकत्र आले की कणांच्या सीमांवरून चीर सरकत जाते. उपाय साधा निघाला : शेवटची घडण झाल्यावर सौम्य ताव द्यायचा. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसवर पितळेचं बळ फारसं न घटता आतला ताण उतरतो.

आज जगभरच्या अभियंत्यांना ताण-क्षरण शिकवताना हे पहिलं उदाहरण दिलं जातं. घरातल्या जुन्या पितळी भांड्याच्या काठाला कधी आपोआप चीर गेलेली दिसते, तिच्याही मागे अनेकदा हेच असतं : शेवटचे ठोके देऊन ताव न देता पाठवलेला माल.

नाशिकनं काय करावं

स्टेनलेस स्टील घराघरांत आल्यापासून तांबटाचा धंदा आक्रसला. हाताच्या कामाची जागा प्रेसवर दाबलेल्या मालानं घेतली, आणि हातोड्याचा आवाज ऐकून धातूची अवस्था ओळखणारे कारागीर वयस्क होत चालले. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत धातू दाबून वस्तू घडवणारे कारखाने आहेत. चीर का गेली, ताव किती द्यायचा, हे प्रश्न तिथेही रोजचे आहेत.

माझी मागणी साधी आणि ठोस आहे. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तांबटांची विद्या मोजून नोंदवून ठेवावी. कारागीर ज्या क्षणी “आता पुरे, तापवायला हवं” म्हणतो, त्या क्षणी पत्र्याची कठिणता मोजावी. ज्या लाल रंगावर तो भांडं भट्टीतून काढतो, त्याचं तापमान घ्यावं. हातोड्याचा आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत त्याची पट्टी कशी चढते ते आलेखावर मांडावं. याला मोठा निधी लागत नाही. कठिणतामापक, तापमापी आणि दोन-तीन विद्यार्थी एवढ्यावर काम सुरू होतं. त्यासाठी कारागिराला मानधन मिळावं आणि अहवालावर त्याचं नाव छापलं जावं.

वरणगावचा तंत्रज्ञ हे ज्ञान नियमपुस्तिकेत वाचतो, कारण त्याच्या संस्थेनं ते लिहून ठेवलं आहे. तांबटाच्या ज्ञानाची नियमपुस्तिका कुणी लिहिलेली नाही. ती लिहिणं हे नाशिकचं काम आहे, आणि ज्यांच्याकडून ती लिहून घ्यायची ते अजून आपल्यात आहेत तोवरच ते होऊ शकतं.