पाखरांचे न्हाणे

चिऊ-काऊची गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी घरातले मूल मोठे होत नाही. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दारात कुडकुडत उभा आणि चिऊताई त्याला ताटकळत ठेवते. कारण काय, तर बाळाला न्हाऊमाखू घालायचे असते! ही गोष्ट रचणाऱ्या कुणा आजीने पक्ष्यांकडे नीट पाहिले असणार. पक्षी आंघोळीचे मोठे भोक्ते. फरक इतकाच, की खऱ्या पाखराला कोणी न्हाऊ घालावे लागत नाही. समोर पाणी असले की त्याचे ते न्हाते. आणि घरात पिंजरा आणला की आपण नेमके हेच विसरतो.

आमचे कोहमारा म्हणजे रस्त्यावरचे गाव. गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता इथे मुंबई-कोलकाता महामार्गाला छेदतो. दिवसरात्र ट्रक धावतात आणि त्यांची धूळ घराघरांत येते. पण गाव ओलांडले की भाताच्या बांध्या, मालगुजारांच्या काळापासूनचे तलाव आणि पलीकडे नागझिरा-नवेगावचे जंगल. पावसाळ्यात बांधीतल्या उथळ पाण्यात साळुंक्या पंख आपटत न्हातात. उन्हाळ्यात चिमण्या धुळीत लोळतात आणि जुनी माणसे म्हणतात, आता पाऊस येणार. परसातली कोंबडी तर चुलीच्या राखेतच अंग घुसळते. पाण्याची असो वा धुळीची, आंघोळ सगळ्यांनाच हवी.

अशा गावातही अलीकडे काही ओट्यांवर तारेचे छोटे पिंजरे टांगलेले दिसतात. त्यांत लाल चोचीचे फिंच असतात, नाहीतर हिरवे-निळे ‘लव्हबर्ड’. दुकानदार ज्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुधा बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगर आणि झेब्रा फिंच हे दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथल्या कोरड्या मुलखात त्यांचे थवे पाण्याच्या शोधात हिंडतात आणि डबक्याकाठी गोळा होतात. पांढरा-तपकिरी बंगाली फिंच मात्र रानात कुठेच सापडत नाही. चीन-जपानकडच्या लोकांनी पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात घडवला. त्या मुनियेचे भाऊबंद भारतातही आहेत.

मागच्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका घरी अशीच बजरीगरांची जोडी होती. घरातला मुलगा नऊ-दहा वर्षांचा, पाखरांवर जीव टाकणारा. महामार्गाच्या धुळीने पाखरे मळली, असे त्याला वाटले. संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्याने एका पाखराला मुठीत धरून नळाखाली नेले आणि शाम्पू लावून स्वच्छ धुतले. आई स्वयंपाकात होती. रात्री ते पाखरू पिसे फुलवून कोपऱ्यात बसले. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले सापडले. ‘‘काका, मी तर त्याला आंघोळच घातली ना?’’ एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. माया त्याच्याकडे भरपूर होती. माहिती मात्र त्याला कोणी दिली नव्हती. हा लेख अशाच घरांसाठी आहे.

पाखराची पिसे म्हणजे त्याचे पांघरूण आणि त्याचे विमानही. पिसाच्या बारीक तंतूंना त्याहून बारीक आकडे असतात. ते बॅगेच्या चेनसारखे एकमेकांत अडकतात, म्हणून पीस सलग राहते. पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूला एक तेलग्रंथी असते. चोचीने तिथले तेल घेऊन तो पिसांना लावतो आणि विस्कटलेले आकडे पुन्हा बसवतो. आंघोळीने धूळ सुटते, पिसे थोडी ओलावतात आणि ही विंचरणी सोपी होते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली याबाबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्टारलिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला पक्षी. आंघोळीला पाणी मिळालेल्या आणि न मिळालेल्या स्टारलिंगांना त्यांनी उभ्या दोऱ्यांच्या अडथळ्यातून उडवले. बिनआंघोळीचे पक्षी दोऱ्यांना अधिक धडकले. म्हणजे आंघोळ हा नखरा नव्हे, ती उडण्याची तयारी आहे.

शाम्पूने काय होते, हेही यावरून कळेल. साबण ते तेल धुऊन काढतो. मग पाणी थेट कातडीपर्यंत मुरते आणि अंगाची ऊब निघून जाते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सियस, आणि बजरीगरचे वजन ते किती, तीस-चाळीस ग्रॅम! झेब्रा फिंच तर बारा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवाने गोंदियाच्या डिसेंबरमधल्या रात्री ओल्या अंगाने कुठवर तग धरावा?

मग करावे काय? फार काही नाही. कुंभाराकडचे मातीचे उथळ परळ घ्यावे. चिनी मातीची बशीही चालेल, पण गुळगुळीत असेल तर तळाशी चार सपाट गोटे ठेवावेत, म्हणजे पाय घसरत नाहीत. फिंचसाठी पाणी बोटाच्या अर्ध्या पेराइतकेच पुरे. ते साधे असावे. गरम नको, बर्फाचेही नको. सकाळी उन्हे वर आली की परळ पिंजऱ्यात ठेवावे, म्हणजे सांजेपर्यंत अंग सुकते. तासाभराने काढून घासून ठेवावे, कारण पाखरे त्यातच विष्ठा करतात आणि तेच पाणी पितात. पिण्याचे पाणी नेहमी वेगळे हवे. न्हालेल्या पाखरावर पंख्याचा किंवा कूलरचा झोत नको. पिंजऱ्यात ऊन आणि सावली दोन्ही असू द्यावी.

बजरीगर पुष्कळदा परळाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांच्यासाठी मेथीची किंवा कोथिंबिरीची जुडी चांगली धुऊन, ओली असतानाच पिंजऱ्यात टांगावी. दव पडलेल्या गवतात अंग घासावे तशी ती त्या पानांत घुसतात. काही पाखरांना वरून भुरभुरणारे पाणी आवडते. पण फवारा तोंडावर मारू नये आणि पाखरू बिचकले तर लगेच थांबावे. नवे पाखरू दोन-चार दिवस नुसते पाहत बसते. घाई करू नये. आजारी, पिसे फुलवून बसलेल्या पाखराला भिजवू नये, त्याला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

कोणी विचारील, एवढी दया आहे तर पिंजरा उघडून द्या की! आपल्याकडच्या पक्ष्यांपुरते हे अगदी खरे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला राघू किंवा रानातली लाल मुनिया पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हाच आहे. त्यांची जागा रानातच. तसा पक्षी कुठे दिसला तर वन विभागाला कळवावे. पण पिंजऱ्यातच अंड्यातून निघालेल्या परदेशी फिंचला आमच्या रानात सोडले, तर शिक्रा आणि भूक यांच्यापुढे ते किती दिवस टिकणार? त्याला आणले आपण, तेव्हा त्याचा सांभाळही आपल्याकडेच आला.

दाणा कोणता, जोडीदार कोण, पिंजरा कुठे टांगायचा, हे सारे आपणच ठरवतो. न्हायचे केव्हा आणि किती, एवढे तरी पाखराला ठरवू द्यावे. मुलांनाही हे दाखवावे. परळ ठेवून दोन पावले मागे सरायचे आणि गप्प बसून पाहायचे. आधी चोच बुडते, मग छाती, मग पंखांची अशी काही फडफड उठते की पाहणाऱ्याच्या अंगावरही चार थेंब उडतात. मुठीत धरून केलेल्या लाडांपेक्षा मुलांच्या मनात हे अधिक काळ राहील.